कोण काय बोललं

पप्पा,

तुमची एक गोष्ट मी लोकांना सांगत असे, ती आता सांगत नाही. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सुरतेत आपल्या डिंडोलीतल्या त्याच शाळेच्या हॉलमध्ये अजूनही व्याख्यान होतं. पाण्यावर, कचऱ्यावर, झाडांवर, खाडीवर. संस्थाही तीच आहे, सरही तेच आहेत, फक्त त्यांना आता जिना चढताना कठड्याला धरावं लागतं. मराठी लोकांसाठीचा भाग मी बोलते. आणि बोलायला उभी राहिले की आधी तुम्हाला आणायचे. माझे पप्पा चौथी शिकलेले, मी म्हणायचे. डाइंग मिलमध्ये बारा बारा तास मशीनवर उभे राहायचे. आठवड्यातून एक सुट्टी, आणि त्या दिवशी झोप काढायची सोडून मला लुनावर बसवून इथे आणायचे, पाणी म्हणजे काय ते ऐकायला. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी झाले ती कॉलेजमुळे नाही, या हॉलमधल्या शेवटच्या रांगेमुळे. एवढं म्हटलं की पुढे बसलेल्या बायका माना हलवायच्या. सर तर नव्या माणसांना माझी ओळखच तशी करून द्यायचे, ‘मिलमांथी आवीने छेल्ली लाइनमां बेसता, ए भाईनी दीकरी.’ मिलमधून येऊन शेवटच्या रांगेत बसायचे, त्या भाईंची मुलगी. मला फार अभिमान वाटायचा. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. त्यानंतर इतक्या वर्षांत तुम्ही जेवढे म्हणून माझ्याजवळ उरला होतात, ते या गोष्टीत होतात.

त्या रविवारांचं मला सगळं आठवतं, आणि आता तेच नको झालं आहे. मी चौथीत आहे. तुम्ही आंघोळ करून पांढरा शर्ट घालता, नखांच्या कडांत मात्र आठवडाभराचा रंग तसाच असतो, कधी निळा, कधी राणी. लुना चालू होईना म्हणून तुम्ही ती गल्लीच्या टोकापर्यंत पळवत नेता आणि मी मागून हसत धावते. रस्त्यात गाडीवर लोचो खायचा, हरभऱ्याच्या डाळीचा, वाफाळता. तुम्ही तुमच्या कागदातला अर्धा माझ्या कागदात सरकवता आणि म्हणता, ‘खा, आज डोकं चालवायचंय.’ हॉलमध्ये पडद्याच्या जागी चादर लावलेली असते. सर बोलतात गुजरातीत, एक बेन मराठीत सांगतात, आणि शेवटी, चहा आणि नानखटाई यायच्या आधी, तो फेरा होतो. सर एकेकाकडे हात करून विचारतात, ‘आ महिने शुं जोयुं?’ या महिन्यात काय पाहिलं? प्रत्येकाने आपल्या गल्लीतलं, कामावरचं, खाडीकाठचं एक काहीतरी सांगायचं. कोणी सांगतं, शेवग्यावर सुरवंट आले. कोणी सांगतं, बोअरच्या पाण्याला वास येतो. सर ते फळ्यावर लिहितात, आणि पुढे बोलणाऱ्याचं नावही लिहितात. ज्या माणसांचं नाव हजेरीपटाशिवाय कुठे लिहिलं जात नव्हतं, त्यांचं नाव फळ्यावर. माणसं त्या फळ्याकडे बघत चहा प्यायची.

तुमचा नंबर आला की तुम्ही हसून म्हणायचात, ‘सर, मेरा तो मिल और घर. मेरी बेटी लिख रही है, वही मेरा.’ सगळे माझ्याकडे बघायचे. पुढच्या रांगेत चटईवर मी वही घेऊन बसलेली असायचे, कोण काय बोललं ते उतरवत. ही कल्पना तुमची होती. तुम्ही म्हणाला होतात, अक्षर सुधारेल. म्हणाला होतात, नाव पण लिहीत जा, गल्ली पण लिही, बोलणाऱ्याला मान मिळतो. मी प्रत्येक पानाच्या वरती एक फूल काढायचे, पाच पाकळ्यांचं, आणि त्याच्या खाली तारीख. घरी आल्यावर तुम्ही खाटेवर पाय वर घेऊन बसायचात आणि मी वाचून दाखवायचे. आई भाकरी थापता थापता म्हणायची, बापलेकीची शाळा भरली. तुम्ही मध्येच थांबवायचात, ‘हे कोण बोललं? परत वाच.’ मला वाटायचं, तुम्हाला विषय आवडला आहे. सोमवारी सकाळी ते पान तुम्ही वहीतून हलकेच फाडायचात, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवायचात. ‘साहेबांना दाखवतो. माझ्या मुलीचं अक्षर बघा म्हणतो.’ संध्याकाळी परत आलात की मी दारातच विचारायचे, साहेब काय म्हणाले? ‘म्हणाले, मोत्यासारखं आहे.’

एकदाच तुम्ही माझ्यावर ओरडलात. गणितात चाळीसपैकी अकरा पडले तेव्हा नाही, लुनाचा आरसा फोडला तेव्हाही नाही. त्या रविवारी मी वाचत होते, ‘एका काकांनी सांगितलं की मिलच्या मागच्या भिंतीला भोक पाडून पाइप काढला आहे.’ तुम्ही विचारलंत, कोणत्या काकांनी? मी म्हटलं, नाव ऐकू नाही आलं. तुम्ही उठून बसलात. ‘नाव नाही लिहायचं तर मग लिहायचं कशाला?’ मी वहीत बघायला लागले. ‘शर्ट कसला होता त्याचा? म्हातारा होता का जवान? चष्मा?’ आवाज असा चढला की आई चुलीजवळून बाहेर आली. मला शर्ट आठवेना, मी रडायला लागले. मग तुम्ही मला जवळ घेतलंत, केस मागे केलेत, म्हणालात, ‘काम करायचं तर पूर्ण करायचं, बाळा. अर्धवट काम करणारा माणूस कुठंच टिकत नाही.’ हे वाक्य मी आयुष्यभर सोबत घेऊन फिरले. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या जर्नलच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. आता ज्या शाळेत मी प्रयोगशाळेचं काम बघते तिथल्या मुलांनाही सांगते. पुढच्या महिन्यापासून मी प्रत्येक बोलणाऱ्याचा शर्टसुद्धा लक्षात ठेवायला लागले.

आणि ते टेबल. पावसाळ्याआधी एक दिवस तुम्ही हातलारीवर लादून आणलंत, मिलच्या ऑफिसातलं जुनं लोखंडी टेबल, एका बाजूला तीन खण, वरचा उघडताना कोकलायचा. गल्लीतली सगळी पोरं बघायला जमली होती. शेजारच्या काकांनी विचारलं, ‘काय भाऊ, मॅनेजर झाला का?’ तुम्ही म्हणालात, ‘मी नाही, ही होणार आहे.’ साहेबांनी दिलं, तुझ्या अक्षरासाठी, असं तुम्ही मला सांगितलंत. आपल्या दीड खोलीत ते ठेवायला जागा नव्हती, तर तुम्ही तुमची खाट भिंतीला उभी केलीत आणि खाली झोपायला लागलात. त्याच टेबलावर मी दहावी केली, बीएस्सी केली. हे पानही त्याच्यावरच लिहिते आहे, दुसरीकडे लिहिता येत नाही म्हणून.

आता त्या रुमालाच्या रविवारचं सांगते. तुम्हाला आठवतच असेल. सरांनी आपल्याच भागातल्या एका बोअरचं पाणी बादलीत आणलं होतं आणि व्याख्यान सुरू करताना स्वतःच्या खिशातला पांढरा रुमाल सगळ्यांना दाखवून त्यात बुडवला. मग तासभर त्या बादलीकडे बघितलंही नाही. कावळ्यांवर बोलले, गांडुळांवर बोलले. शेवटी रुमाल पिळून वर धरला. फिकट गुलाबी झाला होता. सरांनी फेरा सुरू केला, ‘आ महिने शुं जोयुं?’ दोघे-तिघे नुसते नाही नाही म्हणत बसून राहिले. मग मधल्या रांगेतून एक बाई उभी राहिली. आपल्या मागच्या गल्लीत राहायची, तुमच्याच मिलमध्ये फोल्डिंग खात्यात साड्यांच्या घड्या घालायची, नवराही तिथेच होता. तिने पदर खांद्यावर ओढला आणि सांगितलं, ‘सर, पाऊस आला की आमच्या मिलमदी रंगाच्या पान्याचा मागचा टाका उघडत्यात. समदा रंग खाडीत जातो. पाऊस असला म्हंजी कुनाला दिसत न्हाई. म्या डोळ्यानं बघितलंय, दोनदा.’ सरांनी फळ्यावर लिहिलं, आणि पुढे तिचं नाव लिहिलं. मी वहीत लिहिलं. नाव, गल्ली, दोनदा. दोनदा या शब्दाखाली रेघही ओढली, कारण मला तो महत्त्वाचा वाटला.

पुढच्या महिन्यात ती बाई आली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात त्यांच्या घराला कुलूप होतं. गल्लीत बायका बोलायच्या, साड्यांचे पीस चोरताना सापडली. मी तुम्हाला विचारलं होतं, पप्पा, खरंच चोरले का? तुम्ही दात घासत होतात. चूळ भरलीत आणि म्हणालात, ‘मोठ्यांच्या भानगडीत तू पडू नको.’

मीच विसरले होते तिला. सरांनी आठवण काढली. यंदा आम्ही ठरवलं की जुन्या रहिवाशांनाच बोलायला बोलवायचं, खाडी आधी कशी होती ते त्यांनी सांगायचं. सर म्हणाले, एक बेन होती, रुमालाच्या दिवशी फार हिमतीने बोलली होती, तिला शोध. दोन-तीन ठिकाणी विचारत विचारत पत्ता लागला, गोडादऱ्याला राहते. मी गेले तेव्हा ती दारातच बसली होती, मांडीवर साडी, एका हातात गोंदाची नळी, साडीच्या काठावर खडे चिकटवत होती. जॉबवर्क घेते. तिने आधी विचारलं, ‘सर्वेवाली का गं? आधार कार्ड दाखवनार न्हाई म्या आता कुनाला.’ मी हसून म्हटलं, नाही मावशी, व्याख्यानाचं बोलवणं घेऊन आले आहे. व्याख्यान म्हटल्यावर तिचा हात थांबला. तरी तिने मला आत बसवलं, सुनेला चहा टाकायला सांगितला. मी उत्साहाने सगळं सांगितलं. जुने लोक, खाडी, सर अजून तुमची आठवण काढतात. आणि मग, सवयीने, तुमची गोष्टही सांगितली. माझे पप्पा तुमच्याच मिलमध्ये होते मावशी, कापड रंगवायच्या जेट मशीनवर. मला घेऊन यायचे, शेवटच्या रांगेत बसायचे.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्होरं बसून लिव्हायचीस ती तू व्हय?’

मी हो म्हटलं. खुशीत म्हटलं. तिने मला ओळखलं म्हणून.

‘पानावर फूल काढायचीस.’

मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? फळा सगळ्यांना दिसायचा, माझी वही नाही. ती म्हणाली, ‘साहेबानं दावलं की. मंगळवारी गेटवर अडवलं, मग केबिनमदी बोलावलं. टेबलावर एक पान ठिवलं म्होरं. म्हनला, वाच, हे तूच बोललीस ना? म्या चार बुकं शिकलेली, वाचलं. माझं नाव, माझी गल्ली, दोनदा. खाली रेघ. आन् वर फूल.’ तिने गोंदाची नळी टोपण लावून बाजूला ठेवली. ‘म्या म्हनलं, साहेब, ह्ये तर लेकराचं अक्षर हाये. तर म्हनला, आमच्या मानसाचं लेकरू हाये.’

सून चहा घेऊन आली आणि आमच्या तोंडांकडे बघून कप ठेवून आत गेली. मावशीच पुढे बोलली. तिला आणि नवऱ्याला, दोघांनाही त्या दिवशी काढलं. टाक्याचं नाव कोणी काढलं नाही. तिच्या पिशवीत साडीचे तीन पीस सापडले असं गेटवर चार माणसांसमोर सांगितलं. पिशवीत फक्त डबा होता. गल्लीत ती चोर ठरली. दिराच्या मुलीची सोयरीक त्यावरून मोडली, मग जाऊ बोलेनाशी झाली, मग इकडे निघून आले. मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, पप्पांना कदाचित माहीत नसेल, साहेबांनी मागून घेतलं असेल, त्यांना वाटलं असेल साहेब टाका दुरुस्त करतील. मावशी रागावली नाही. म्हणाली, ‘पोरी, तुझा बाप केबिनच्या दाराशी हुभा व्हता. म्या बाहीर निघाले तर बाजूला सरकला, वाट दिली मला.’

मी निघताना तिने सांगितलं, ती येईल. पण खाडीवर बोलायला नाही. फेऱ्यात आधी मी उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं की तिने चोरी केली नव्हती, ती खरं बोलली म्हणून तिला काढलं, आणि ते मिलमध्ये कोणी नेऊन दिलं. ‘माझी नातवंडं बी असतील संगं. त्यांनी ऐकलं पायजे.’

घरी येऊन आईला विचारलं. ती मेथी निवडत होती. मला वाटलं होतं ती चकित होईल. तिने मान वर केली नाही. ‘मरेल माणूसनं काय इचारस?’ मेलेल्या माणसाचं काय विचारतेस, एवढंच म्हणाली. म्हणजे तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं, पप्पा, लिहिणारीला सोडून. मी भांडले. मी म्हटलं, मी दहा वर्षांची होते, माझ्या हाताने करून घेतलं. आई म्हणाली, साहेबांनीच तुम्हाला तिथे जायला सांगितलं होतं, कोण काय बोलतं ते ऐकून यायला. तुम्हाला भरभर लिहिता येत नव्हतं, आणि लक्षात राहायचं नाही, म्हणून मुलीला नेऊ लागलात. मुलगी बरोबर असली की कोणी विचारतही नाही कशाला आलात. मग मेथीच्या काड्या गोळा करत ती म्हणाली, ‘ती बाई गई त्या दिनले तो जेवना नही.’ हे तिने माझ्यापुढे ठेवलं, तुमच्या बाजूने काहीतरी ठेवायचं म्हणून. मी ते रात्रंदिवस उलटसुलट करून पाहिलं. एक दिवस तुम्ही जेवला नाहीत. पण पुढच्या महिन्यात आपण परत गेलो होतो, पप्पा. लोचो खाल्ला होता. सोमवारी तुम्ही परत पान फाडून घेतलंत, आणि टेबल आलं ते त्याच्यानंतर.

सरांना सांगताना मला वाटलं ते मला संस्थेतून जायला सांगतील. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, त्या वर्षापासून फेऱ्यात लोक बोलायचे बंद झाले. कोणी उभंच राहीना. आम्हाला वाटलं, आपली व्याख्यानं कंटाळवाणी होतायत. म्हणून आम्ही मिल, टाके, पाणी हे विषय कमी केले आणि पक्षी वाढवले. रंगीत स्लाइड, बगळे, खंड्या, फुलपाखरं. लोकांना आवडेल असं. सर म्हणाले, ‘भूल अमारी. नाम अमे लखता हता, बोर्ड पर, मानथी.’ नावं फळ्यावर आम्हीच लिहायचो, मानाने. ते स्वतःला दोष देत होते आणि मला दुसरंच काही सुचत होतं. मी या विषयात आले ते त्या पक्ष्यांमुळे. पाचवीत मी पहिल्यांदा खंड्याची स्लाइड पाहिली आणि ठरवलं की आपण हेच शिकायचं. तो खंड्या तिथे आला होता कारण माणसं गप्प झाली होती, आणि माणसं गप्प झाली होती माझ्या पानांमुळे. मला माझ्या आवडीतला कोणता भाग माझा आहे हेच कळेनासं झालं आहे. इतकं सगळं तुम्ही घेऊन ठेवलंत, आणि मला वाटत राहिलं तुम्ही दिलंत.

या महिन्याचा रविवार झाला. मावशी आली, दोन नातवंडं घेऊन, इस्त्रीची साडी नेसून. आपल्या गल्लीतलेही बरेच होते, टेबल बघायला आलेले शेजारचे काकासुद्धा. आईही आली. इतक्या वर्षांत कधी आली नव्हती. निघताना मला एवढंच म्हणाली, ‘तुना बापनं नाव लेऊ नको,’ आणि जाऊन शेवटच्या रांगेत बसली. मी व्याख्यान कसं दिलं मला आठवत नाही. फेरा आला. सरांनी माझ्याकडेच पहिला हात केला. मी उभी राहिले आणि सांगितलं. या मावशी इथे खरं बोलल्या होत्या. त्यांनी कधीही चोरी केली नव्हती. त्या जे बोलल्या ते एका पानावर लिहिलं गेलं, ते पान मिलमध्ये पोचलं, आणि त्यावरून त्यांना काढलं. ते अक्षर माझं होतं. मावशी, मी तुमची माफी मागते. एक-दोन बायकांनी वळून मावशीकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात काहीतरी बदललेलं मला दिसलं. मला वाटलं, झालं.

मग लूमवर काम करणारा एक पोरगा, पहिल्यांदाच आलेला, त्याने सरळ मनाने विचारलं, ‘पण दीदी, पान तिकडं गेलं कसं?’

मावशी माझ्याकडे बघत होती. शेजारचे काका बघत होते. आई खाली बघत होती. मी म्हटलं, ‘मी फार लहान होते. मला माहीत नाही.’

चहा आला. मावशीने घेतला नाही. नातवंडांच्या हातात नानखटाई दिली आणि त्यांच्या चपला शोधायला लागली. मी मागे मागे दारापर्यंत गेले. ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. चपला मुलांच्या पायात सारत, खाली वाकलेलीच म्हणाली, ‘तवा तू लहान व्हतीस. तुझा काय दोष. आज न्हवतीस.’ आणि मग सरळ उभी राहून, ‘आता लोक म्हनतील, लेकराचं पान, गेलं आसंल वाऱ्यानं.’ रिक्षा थांबवली आणि गेली.

तुम्ही मला फसवलंत, हे मी पन्नास वेळा लिहू शकते. तुम्ही माझा उपयोग केलात, माझं अक्षर विकलंत, आणि त्या बाईला दारातून वाट करून दिलीत, जशी एखाद्या पाहुण्याला देतात. हे सगळं खरं आहे आणि मी ते तुम्हाला माफ केलेलं नाही. पण त्या पोराने विचारलं तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं खोटं बोलायला. आईचं म्हणणं मी कधी ऐकते? साहेब नव्हता, नोकरी जाणार नव्हती, दीड खोली नव्हती. मला फक्त एवढंच नको होतं की त्या हॉलमधल्या माणसांनी तुम्हाला ओळखावं, आणि मग माझ्याकडे बघावं. तुमच्याजवळ निदान कारण होतं.

हे सगळं इथे पूर्ण लिहिलं गेलं आहे, पान कोणी नेलं त्यासकट. काल संध्याकाळी मी इथपर्यंतचे हे कागद घडी घालून पर्समध्ये टाकले आणि गोडादऱ्याच्या रिक्षात बसले. मावशीला वाचता येतं. तोंडाने नाही तर असं तरी द्यावं, असं मनात होतं. तिच्या गल्लीच्या तोंडाशी उतरले. तिचं दार उघडं दिसत होतं, आत ट्यूबलाइट लागली होती, ती मान खाली घालून खडे चिकटवत होती. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. मग परतीची रिक्षा पकडली. घरी येऊन आईला सांगितलं, शाळेत उशीर झाला.